रानातील पक्षी ओळखताना आणि जपताना या चुका टाळा

टिटवीची पिल्ले 'अनाथ' समजून उचलणे, ही मला सर्वांत खटकणारी चूक आहे. टिटवी काड्यांचे घरटे बांधत नाही. उघड्या रानात खड्यांमध्ये ती बहुधा चार ठिपकेदार अंडी घालते आणि वैशाखाच्या उन्हात पोटाची पिसे पाण्यात भिजवून आणून त्यांना गारवा देते. पिल्ले जन्मल्यावर लवकरच चालू लागतात, किडे स्वतः टिपतात आणि आईने इशारा देताच ढेकळाला चिकटून निपचित बसतात. या निपचित बसण्यालाच नवखे लोक आजारपण समजतात. पैठणकडच्या एका रानातून एका तरुणाने अशी तीन पिल्ले टोपलीत घालून गोठ्यात नेली आणि त्यांच्यापुढे भिजवलेली कणी ठेवली. डोक्यावर घिरट्या घालत ओरडणारी टिटवी त्यांचीच आई आहे, हे त्याच्या ध्यानातही आले नाही. मी पोहोचेपर्यंत एक दगावले होते. उरलेली दोन आम्ही रानात ती जिथे होती, त्याच नांगराच्या सरीत ठेवली आणि लांब लिंबाखाली थांबलो, तेव्हा टिटवी धावत त्यांच्याजवळ आली. मागे सरून वाट पाहणे, हाच माझा उपाय आहे.

दुसरी चूक रंगावरून नाव ठरवण्याची. पावशा या कोकिळेच्या कुळातील पक्ष्याची राखाडी पाठ, पट्ट्यांची शेपटी आणि उडण्याची ढब शिक्रा या लहान शिकारी पक्ष्यासारखीच असते, म्हणून मोबाईलमधल्या अस्पष्ट फोटोवर विसंबणारा हमखास फसतो. मी आधी चोच पाहतो: शिक्र्याची आखूड व आकड्यासारखी, तर पावशाची सरळसर. मृगाच्या तोंडावर पावशाची 'पेरते व्हा' ही साद ऐकू आली, तर शंकाच उरत नाही. आवाज शिकायला एखादा हंगाम जातो; तेवढा धीर नसणाऱ्याने निदान नाव सांगण्याची घाई करू नये.

पक्ष्यांसाठी पाणी खोल टोपात ठेवू नये. उथळ मातीचे भांडे घ्यावे, मध्ये दगड ठेवावा आणि पाणी रोज बदलावे. उन्हाळ्यात बांध पेटवू नयेत, कारण तित्तिराची अंडी त्याच गवतात असतात. हरभऱ्यात घाटेअळी मोठी झाल्यावर पक्षीथांबे, म्हणजे पक्ष्यांना बसायला उभ्या काठ्या, लावून फारसा उपयोग होत नाही. एकरी 20 थांबे पीक लहान असतानाच लावावेत, म्हणजे अळ्या टिपणाऱ्या कोतवाल पक्ष्याला वेळेवर बसायला जागा मिळते.

झिंक फॉस्फाईड या उंदीर मारण्याच्या विषाचे दाणे बांधावर फेकणे मात्र अक्षम्य आहे, कारण ते उंदरांच्या आधी होले आणि चिमण्या टिपतात. आमिष बिळातच घालून बीळ बुजवावे आणि मेलेले उंदीर उचलून खोल पुरावेत, नाहीतर ते घारी-कावळ्यांच्या पोटात जातात.