इंग्लंडात मुलीला ज्युदोला घालताय? आधी वजनगट बघा

लेकीला ज्युदोला घातलं तेव्हा ती आठ वर्षांची होती. कोल्हापूर सोडून वेस्ट मिडलंड्समध्ये येऊन आम्हाला जेमतेम वर्ष झालं होतं, आणि शाळेजवळच्या हॉलमध्ये आठवड्यातून दोनदा क्लब भरायचा, एवढंच कारण. सासऱ्यांनी व्हिडिओ कॉलवर तिचा पहिला सेओइ-नागे, म्हणजे समोरच्याला पाठीवर घेऊन खांद्यावरून टाकायचा डाव, पाहिला आणि म्हणाले, "अगं, ही तर धोबीपछाड!" फारसं चुकलं नव्हतं त्यांचं. फक्त इथे बाही आणि कॉलर धरून पाडायचं, आणि उभं असताना समोरच्याच्या पायाला हात घालायचा नाही.

ओळखीतल्या आया आता विचारतात, ऑलिम्पिकपर्यंत जायचं तर काय करायचं? क्लब, ब्रिटिश ज्युदोचं सदस्यत्व, मग लहान मुलांच्या 'मॉन' परीक्षा आणि पट्ट्यांचे रंग, हे सगळं क्लबवाले सांगतातच. त्यात डोकं घालू नका. पट्टा लवकर बदलला म्हणून पेढे वाटणारे आम्हीही होतो.

खरी गोची पुढे आहे. वयाने मोठ्या बायकांचे वजनगट सात: ४८, ५२, ५७, ६३, ७०, ७८ किलोपर्यंत आणि ७८ च्या वरचा. ऑलिम्पिकला एका देशाची एका गटात एकच खेळाडू. म्हणजे जपानची किंवा फ्रान्सची पोरगी नंतर. आधी रोज जिच्याबरोबर सराव करता तीच तुमच्या वाटेत उभी असते.

ब्रिटनच्या जेमा गिबन्सचंच बघा. लंडनमधल्या ग्रिनिचची मुलगी, सहाव्या वर्षी मॅटवर आली. आईने, जिनेटने, एकटीने वाढवलं, आणि २००४ मध्ये ल्युकेमियाने आई गेली. जेमा ७० किलोतून ७८ मध्ये सरकली आणि २०१२ च्या लंडन ऑलिम्पिकमध्ये उपांत्य फेरीत फ्रान्सच्या ऑड्री चुमेओला, म्हणजे आदल्या वर्षीच्या जगज्जेतीला, गोल्डन स्कोअरमध्ये (बरोबरीनंतरच्या जादा वेळेत) इप्पॉनने, म्हणजे लढत तिथेच संपवणाऱ्या पूर्ण गुणाने, पाडलं. वर बघून आईला उद्देशून तिने जे पुटपुटलं ते सगळ्या ब्रिटनने टीव्हीवर पाहिलं. अंतिम लढत अमेरिकेच्या कायला हॅरिसनने जिंकली, जेमाला रौप्य. ब्रिटनला ज्युदोत २००० च्या केट हॉवीनंतर ऑलिम्पिक पदकच नव्हतं, आणि हीच हॉवी तेव्हा प्रशिक्षक म्हणून संघासोबत होती.

गोष्ट इथे संपवतात सगळे. पण २०१४ ला ग्लासगोच्या राष्ट्रकुलात त्याच ७८ किलोच्या अंतिम फेरीत वेल्सच्या नॅटली पॉवेलने जेमाला हरवलं. एरवी दोघी ग्रेट ब्रिटनच्या, राष्ट्रकुलात मात्र इंग्लंड, स्कॉटलंड, वेल्स वेगळे. २०१६ ला रिओची जागा एकच होती आणि ती पॉवेलला मिळाली. पुढच्या वर्षी जेमाने खेळ थांबवला. रौप्यपदक विजेतीची ही कथा, तर बाकीच्यांचं काय!

आमच्या घरी हे सगळं ५७ किलोपायी शिकायला मिळालं. पंधराव्या वर्षी ही अंगाने भरायला लागली आणि आम्ही अडाण्यासारखे तिला खालच्या गटात ठेवायला निघालो. एका स्पर्धेला पहाटे उठून गेलो. रात्री पाणी नाही, गाडीत स्वेटरवर स्वेटर. काट्यावर तीनशे ग्रॅम जास्त. अर्धा तास जिन्यात पळाली, पुन्हा चढली, बसलं वजन. पहिल्याच लढतीत पायांत जीव नाही, चाळीस सेकंदांत पाठीवर. परतीच्या वाटेवर डब्यातला थंड पराठा खाताना ती एक शब्द बोलली नाही. त्यानंतर ६३ मध्ये गेली आणि वर्षभर हरली, पण उभी राहून हरली. वाढत्या वयात वजन उतरवू देऊ नका, कोणी कितीही समजावलं तरी.

सतरा-अठराव्या वर्षानंतर खर्चाचा प्रश्न येतो. जागतिक क्रमवारीचे गुण ग्राँ प्री, ग्रँड स्लॅम अशा स्पर्धांतून मिळतात, आणि त्या आज ताश्कंदला तर उद्या पॅरिसला. लॉटरीच्या पैशातून यूके स्पोर्ट या सरकारी संस्थेची मदत होते, पण ती पदकाच्या टप्प्यातल्या मोजक्यांना. बाकीच्यांचं तिकीट आईबापांच्या खिशातून. राष्ट्रीय केंद्र वॉल्सॉलला, आमच्यापासून जवळ, म्हणून आमचं राहण्याचं तरी वाचलं. शिक्षण सोडू नका, दुखापत कधी होईल सांगता येत नाही. २०१८ च्या जागतिक रौप्यपदकाची मानकरी, ब्रिटनची नेकोडा स्माइद-डेव्हिस, डोक्याला मार बसला आणि तिचं टोकियो ऑलिम्पिक हुकलं.

२०२२ च्या राष्ट्रकुलात कॉव्हेंट्रीला भारताची तुलिका मान विरुद्ध स्कॉटलंडची सारा ॲडलिंग्टन, ही अंतिम लढत आम्ही पाहिली. तुलिका वाझा-आरीने (अर्ध्या गुणाने) पुढे होती. मी ओरडत होते, लेक गप्प. "आई, अजून वेळ आहे," म्हणाली, आणि थोड्याच वेळात साराने इप्पॉन घेतला. लेकीला ते आधी दिसलं होतं, मला नाही.

तिने एकोणिसाव्या वर्षी स्पर्धा सोडल्या. फिजिओथेरपी शिकते, शनिवारी लहानांना पडायला शिकवते. नव्या क्लबात गेलात तर तेवढंच बघा: पहिले काही आठवडे नुसतं पडायला शिकवतात की लगेच झुंजायला लावतात? लावत असतील तर दुसरा क्लब शोधा. आणि ज्युदोगी, म्हणजे ज्युदोचा पोशाख, एक माप मोठाच घ्या, पहिल्या धुण्यात आटतो. आत पांढरा टी-शर्ट, नखं कापलेली, केसांना धातूची पट्टी नसलेलं रबर. दोन रबरं द्या, एक हमखास हरवतं.