पाणी पाजायच्या आधी बॅरल भरून बघा

निपाणीजवळ वेदगंगेच्या काठाला आमचं दोन एकर काळं रान. वर आमचा ऊस, खालच्या अंगाला शेजाऱ्याची तंबाखू. लाईट रात्रीची असली की मोटर चालू करून मी बांधावर पडायचो. एकदा डोळा लागला तो पहाटे शेजाऱ्याच्या हाकेनंच उघडला. बांध फुटून त्याची तंबाखू घोटाभर पाण्यात. तंबाखूला तुंबलेलं पाणी सोसत नाही, दोन दिवसांत पानांनी माना टाकल्या. पैसे भरून दिले, आणि तेव्हापासनं घड्याळ बघूनच दारं धरतो, म्हणजे पाणी एकेका सरीत सोडतो आणि वळवतो.

हिशेब असा. एका गुंठ्यावर एक सेंटिमीटर पाणी म्हणजे साधारण हजार लिटर. मी पाण्याच्या एका पाळीला सहा सेंटिमीटर धरतो, म्हणजे गुंठ्याला सहा हजार लिटर. आता तुमचं पाणी किती येतं ते मोजा. दोनशे लिटरचं बॅरल गळ्यापर्यंत खड्ड्यात पुरायचं, पाटाचं तोंड फोडून पत्र्याची पन्हाळ लावायची आणि भरायला किती सेकंद लागतात ते बघायचं. मोजायचं सरीच्या तोंडाशी, मोटरपाशी नाही. मातीच्या पाटात वाटेतच बरंच मुरतं. माझं चाळीस सेकंदांत भरलं. म्हणजे सेकंदाला पाच लिटर, गुंठ्याला वीस मिनिटं. सात तास लाईट टिकली तर वीस-एकवीस गुंठे भिजतात, त्याच्यापुढं हाव धरायची नाही.

पाणी कधी द्यायचं, हे लाईटीला विचारू नका, मातीला विचारा. वीतभर खालची माती मुठीत दाबा. लाडू होऊन कमरेएवढ्या उंचीवरनं टाकल्यावर फुटला, तर वाफसा आहे, म्हणजे ओल बेताची आहे, थांबा. बोटांना चिकटून राहिली तर अजून ओल जास्त आहे. लाडूच वळेना, तर उशीरच झालाय. पाणी दिल्यावर दुसऱ्या दिवशी लोखंडी सळई दाबून बघायची. भिजलंय तिथवर सुरकन जाते, कोरड्याला अडते. सरीच्या तोंडाला दोन फूट आणि शेपटाला वीतभरच गेली, तर सरी फार लांब आहे किंवा उतार चुकलाय.

उतार गवंड्याच्या लेव्हल पाईपनं बघा. शंभर फुटाला तीन इंच पुरे. माझ्या रानात पाणी पाऊण सरीपर्यंत पोचलं की मी दारं मोडतो, म्हणजे पाणी पुढच्या सरीत वळवतो, उरलेलं आपसूक शेपटापर्यंत जातं. हा अंदाज प्रत्येक रानाचा वेगळा, दोन-तीन पाळ्या उभं राहून बघितल्याशिवाय बसत नाही. (ठिबक असेल तर दाऱ्याची कटकट नाही, पण मुठीतला लाडू तिथंही करायचाच.)

जास्तीचं पाणी कुठं जातं म्हणाल, तर खालच्या टोकाला. तिथं उन्हाळ्यात माती पांढरी फुटते, मीठ वर येतं. माझ्या शेवटच्या चार सऱ्यांत ऊस अजून गुडघ्याच्या वर येत नाही. यंदा तिथं तीन फूट खोल चर काढून ओढ्याला जोडलाय.