शहराच्या हद्दीत आलेल्या गावाचा इतिहास कसा लिहावा

छत्रपती संभाजीनगरच्या कडेची हर्सूल, चिकलठाणा, सातारा, देवळाई ही गावे नव्याने आलेल्या माणसाला शहराच्या वसाहतीच वाटतात. पण त्या प्रत्येकाला स्वतःचे गावठाण, ग्रामदैवत आणि जमिनीच्या नोंदी आहेत. अशा गावाचा इतिहास लिहायला घेणाऱ्याने आरंभ देवळापासून न करता जमिनीपासून करावा, असे माझे ठाम मत आहे. देऊळ जागेवर राहते. शेतांची नावे मात्र ती कसणाऱ्या माणसांबरोबर जातात.

भूमी अभिलेख कार्यालयातून गावनकाशा मिळवावा आणि एखाद्या जाणत्या शेतकऱ्याला सोबत घेऊन शिवार पायी फिरावे. सर्वे क्रमांक, त्याचा पुढे झालेला गट क्रमांक, शेताचे तोंडी नाव (चिंचेचा मळा, बरड, खारी, असे काही) आणि आज तिथे उभ्या असलेल्या कॉलनीचे नाव असे चार रकाने भरत जावे. शेताचे प्लॉट कसे पडले, रीतसर एनए (बिगरशेती परवानगी) होऊन की बाँडपेपरवरच्या गुंठेवारीने, म्हणजे शेताचे गुंठ्या-गुंठ्याचे तुकडे विकून, हेही त्याच वेळी विचारावे. 2001 च्या गुंठेवारी कायद्याने अशी बांधकामे नियमित करण्याची वाट काढली, त्यामुळे कित्येक घरांत त्या व्यवहारांचे कागद अजून जपलेले असतात. उपनगरी गावाचा गेल्या चाळीस वर्षांचा खरा इतिहास याच कागदांत आहे.

काळात मागे जाताना सातबारा आणि फेरफारांच्याही मागची, पन्नाशीच्या दशकातील खासरा पत्रक व पहाणी पत्रक ही जमीन-पिकांची नोंदपत्रके पाहावीत. त्यापूर्वीच्या निजामकालीन नोंदी बहुधा उर्दूत किंवा मोडीत असतात आणि त्यांत साल फसली, म्हणजे महसुली कालगणनेचे, असते. इथे चूक फार सहज होते. हैदराबाद संस्थानातील फसली वर्ष ऑक्टोबरमध्ये, आझूर महिन्याने सुरू होई. त्यामुळे पहिल्या तीन महिन्यांसाठी, म्हणजे साधारण डिसेंबरअखेरपर्यंत, फसली सालात 590 मिळवावेत आणि पुढच्या महिन्यांसाठी 591. शाळेच्या जुन्या दाखल-खारीज रजिस्टरात एखाद्या मुलाचा जन्म खुर्दाद 1340 फसली असा लिहिलेला असेल, तर तो साधारण एप्रिल 1931 मधला समजावा. सरसकट 590 मिळवले तर तो एका वर्षाने मागे जातो. लिपी वाचण्यासाठी उर्दू शाळेतील निवृत्त शिक्षक आणि मोडीचे जाणकार शोधावेत. 2023 पासून कुणबी नोंदींच्या शोधामुळे जुनी दप्तरे हाताळलेली माणसे आता बऱ्याच तालुक्यांत भेटतात.

मुलाखतीत वृद्धांना साल विचारू नये, प्रसंग विचारावा. लग्न हैदराबाद संस्थानावरील पोलीस कारवाईच्या (सप्टेंबर 1948) आधीचे की नंतरचे, थोरला मुलगा 1972 च्या दुष्काळात केवढा होता, किल्लारीचा भूकंप (30 सप्टेंबर 1993) झाला तेव्हा घर मातीचे होते की पक्के, अशा खुणांनी तारखा बऱ्याच नेमक्या लागतात. स्त्रियांशी घरातले पुरुष समोर नसताना बोलावे. पाणी कोणत्या आडावरून आणत, उन्हाळ्यात तो आटला की कुठे जात आणि तिथे कोणाला पाणी शेंदू देत नसत, हे त्यांच्याइतके नेमके कोणी सांगत नाही. दुष्काळी कामावर खडी फोडलेल्या बाईला मजुरीबरोबर सुकडी (कामावर मिळणारा कोरडा पौष्टिक खाऊ) आणि रेशनचा लाल मिलोही (परदेशी ज्वारी) आठवतो, आणि त्या आठवणीतून गावचा कोणता रस्ता किंवा पाझर तलाव त्या वर्षी झाला ते कळते.

गढी आणि पाटीलवाडा यांच्यावरच पाने खर्च करू नयेत. बलुतेदारांची घरे, बौद्धवाडा, मुस्लिम मोहल्ला, वडार वस्ती यांना गावात जेवढी जागा आहे तेवढी लेखनातही मिळाली पाहिजे. 1948 विषयी बोलताना रझाकारांचे अत्याचार आणि पोलीस कारवाईनंतर मुसलमान कुटुंबांवर गुदरलेले प्रसंग, दोन्ही तितक्याच काळजीने ऐकून घ्यावेत; नाव छापायचे की नाही हे सांगणाऱ्यालाच ठरवू द्यावे.

भाड्याच्या खोल्यांत राहणारे कामगारही गावाचेच आहेत. वाळूज औद्योगिक वसाहतीलगतच्या पंढरपूर या गावी आषाढी एकादशीला होणाऱ्या गर्दीत जुने गावकरी, शहरातील दिंड्या आणि बीड-जालना-परभणीकडून पोटासाठी आलेली कुटुंबे एकत्र दिसतात. तुमच्या गावच्या सप्ताहात, ऊरुसात किंवा भीमजयंतीत वर्गणी कोण गोळा करतो, पंगतीला कोण वाढतो आणि यांत नवे लोक केव्हापासून आले, याची नोंद घ्यावी. सप्ताहाच्या जुन्या पत्रिका आणि वर्गणीच्या वह्या मंडळाच्या पेटीत सापडतात. त्यांचे फोटो तिथेच काढून मूळ कागद लगेच परत करावेत.

मसुदा तयार झाला की तो छापण्याआधी पारावर आणि प्रत्येक वस्तीत वेगवेगळा वाचून दाखवावा. एकाच बैठकीत वाचल्यास मोठ्या घरांचेच लोक बोलतात. दोन वस्त्यांचे म्हणणे जुळत नसेल तर दोन्ही शेजारी शेजारी लिहावीत. न्यायालयात चालू असलेल्या जमिनीच्या वादांत निवाड्यासारखे काही लिहू नये. पक्क्या मसुद्याची एक प्रत जिल्हा परिषदेच्या शाळेत आणि एक सार्वजनिक वाचनालयात ठेवावी, आणि तिच्या शेवटी गावकऱ्यांच्या दुरुस्त्यांसाठी कोरी पाने बांधून घ्यावीत.