परड्यातल्या टाकीवर लक्ष ठेवायला छोटे बोर्ड: आधी कागदावर काय ठरवायचं

आमच्या बेळगाव-खानापूर भागात जून ते सप्टेंबर पाऊस झोडपून काढतो आणि मार्च लागला की हौदाचा तळ दिसतो, म्हणून पत्र्याचं पाणी साठवून परडं जगवायचं असेल तर टाकीत किती आलं आणि झाडांना किती गेलं हे रोज कळायला पाहिजे. दोन-तीन ईएसपी३२ बोर्ड, म्हणजे वायफाय असलेले, प्रोग्राम करता येणारे छोटे बोर्ड, हे काम मस्त करतात. पण खरेदीच्या आधी कागद-पेन घेऊन बसा की.

पहिलं पाण्याचं गणित. एक चौरस मीटर पत्र्यावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर, मग ५० चौरस मीटरवर २० मिलिमीटर पडला की १००० लिटर, थोडं वाया जातं ते सोडा. म्हणजे हजारची टाकी एका चांगल्या सरीत भरून वाहते, तर वरचं पाणी हौदात न्यायचं का विहिरीत ते आत्ताच ठरवा.

मग परड्याचा नकाशा काढा, टाकी, मोटर, वाफे आणि घरातला राउटर. फोन घेऊन टाकीजवळ उभं राहा आणि वायफाय येतंय का बघा, आपल्याकडे चिऱ्याच्या जाड भिंतीतून सिग्नल लवकर मरतो आणि ईएसपी३२ ला फक्त २.४ गिगाहर्ट्झचंच वायफाय चालतं. एक बोर्ड टाकीवर, एक मोटर-वाल्वजवळ, आणि घरात एक रास्पबेरी पाय, म्हणजे हातभर जागाही न लागणारा छोटा कॉम्प्युटर, त्यावर मॉस्किटो हे निरोप पोचवणारं सॉफ्टवेअर टाकलं की सगळे बोर्ड एमक्यूटीटीवरून, म्हणजे छोटे निरोप पाठवायच्या पद्धतीनं, एकमेकांशी बोलतात.

पातळी मोजायला पाण्यात न बिघडणारा अल्ट्रासॉनिक (आवाजाच्या लहरींनी अंतर मोजणारा) सेन्सर, जेएसएन-एसआर०४टी, घ्या. त्याला जवळचं साधारण २०-२५ सेंटिमीटर दिसत नाही, तेव्हा टाकी काठोकाठ भरली तरी तेवढं अंतर राहील असा उंच बसवा. ५ व्होल्टवर चालवला तर त्याची एको पिन (मोजलेल्याचा सिग्नल देणारी) ५ व्होल्ट देते आणि बोर्ड ३.३ चा, म्हणून मधे १ किलोओम आणि २ किलोओमचे दोन रेझिस्टर लावून व्होल्टेज उतरवा. मातीच्या ओलाव्याचा सेन्सर बोर्डाच्या जीपीआयओ (सिग्नल घ्यायच्या-द्यायच्या) ३२ ते ३९ मधल्याच पिनवर जोडा, बाकीच्या ॲनालॉग पिना वायफाय चालू असताना वाचता येत नाहीत.

वाल्वपाशी जरा थांबा, पैसे इथंच वाया जातात. वॉशिंग मशीनमध्ये असतात तसे, विजेनं उघडणारे सोलेनॉइड वाल्व उघडायला बऱ्याचदा ०.२ बार दाब मागतात, आणि टाकीची उंची एक मीटर म्हणजे जेमतेम ०.१ बार. टाकी वाफ्यांपेक्षा दोन मीटरहून कमी उंचीवर असेल तर मोटरवाला बॉल वाल्व घ्या. फक्त तो लाईट गेली की जसा आहे तसाच राहतो. पहिल्या वर्षी माझ्याकडे संध्याकाळी वाल्व उघडा असताना लाईट गेली आणि सकाळपर्यंत अख्खी टाकी वाफ्यात रिकामी झाली, ऐन एप्रिलात. तेव्हापासून त्या बोर्डाला आणि वाल्वला १२ व्होल्टची बॅटरी लावलीय.

म्हणून प्रत्येक गोष्टीपुढं लिहा, लाईट गेली तर काय, वायफाय गेलं तर काय, सेन्सरवर कोळी बसला तर काय. मोटर बंद करायचा निर्णय मोटरजवळच्या बोर्डानंच घ्यायचा, इंटरनेटवर सोडायचा नाही. पाच मिनिटं टाकीचा आकडा आला नाही तर मोटर बंद, आणि कितीही झालं तरी ठरलेल्या मिनिटांच्या वर ती चालायची नाही. शिवाय टाकीत साधा फ्लोट (पाण्यावर तरंगणारा) स्विच टाका, जो प्रोग्रामला न विचारता मोटर तोडेल.

मोटर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढते, त्यामुळं छोटा रिले (बोर्डाच्या सिग्नलनं चालणारा स्विच) थेट लावू नका, रिलेनं कॉन्टॅक्टर (जास्त करंट झेपणारा मोठा स्विच) चालवा, आणि हे काम, अर्थिंगसकट, इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्या. बोर्ड रीस्टार्ट होताना रिले टकटक करत नाही ना तेही मोटर जोडायच्या आधी बघा.

सगळं बसवलं की आठवडाभर काठी बुडवून पातळी मोजा आणि स्क्रीनवरच्या आकड्याशी ताडून बघा, तोवर वाल्व हातानंच चालवा. मोटर सगळ्यात शेवटी जोडायची.