कणांच्या टकरींचा डेटा तक्त्यात आणताना या चुका टाळा

एलएचई फाइल (संगणकाने रचलेल्या कणांच्या टकरींची नोंद) पहिल्यांदा उघडली की हायसं वाटतं. साधा मजकूर, ओळीखाली ओळ, मधे मोकळी जागा. स्प्लिट मारलं की झाला तक्ता! पण या कामात चुकलेली स्क्रिप्टही बहुतेक वेळा कुरकुर न करता शेवटपर्यंत धावते आणि वर देखणा हिस्टोग्राम काढून देते. म्हणून चूक सापडायला आठवडे जातात.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक म्हणजे इव्हेंटमधली, म्हणजे एका टकरीच्या नोंदीतली, प्रत्येक ओळ हा टकरीतून निघालेला कण समजणं. एलएचईत कणाच्या ओळीला १३ रकाने असतात: पीडीजी क्रमांक (कण कोणता ते सांगणारा), स्टेटस, दोन जनकांचे (कण ज्यांच्यापासून झाला त्यांचे) क्रमांक, कलर या क्वार्कांच्या गुणधर्माचे दोन आकडे, संवेगाचे तीन घटक, ऊर्जा, वस्तुमान, आयुर्मान आणि स्पिन. यातला दुसरा रकाना सोडून बाकी सगळं वाचणारे बरेच आहेत. स्टेटस −१ म्हणजे आत येणारा कण, १ म्हणजे बाहेर पडलेला, २ म्हणजे मधल्यामध्ये तयार होऊन विघटन पावलेला.

समजा एका क्वार्कची ऊर्जा १०० जीईव्ही (कणांची ऊर्जा आणि वस्तुमान मोजायचं एकक), समोरून येणाऱ्या प्रतिक्वार्कची २०.८. दोघांचा झेड हा जड, अल्पायुषी कण झाला, झेडचे दोन म्युऑन (इलेक्ट्रॉनचे जड भाऊबंद). ओळी पाच. झेडची ऊर्जा १२०.८, अक्षावरचा संवेग ७९.२, आणि त्यावरून वस्तुमान ९१.२ जीईव्ही, म्हणजे अगदी हवं तसं. आता ऊर्जेचा रकाना डोळे मिटून बेरीज करून बघा: ३६२.४ येते. तीच ऊर्जा तीनदा मोजली गेली, एकदा आत येताना, एकदा झेडमध्ये, एकदा म्युऑनमध्ये. म्हणून स्क्रिप्टमध्ये एक तपासणी कायमची ठेवा. स्टेटस १ च्या ओळींची बेरीज वजा स्टेटस −१ च्या ओळींची बेरीज, चारही घटकांत शून्याजवळ यायला हवी. माझ्या मते ही तपासणी नसलेला तक्ता कुणाला पाठवूच नये.

पुढची चूक मी स्वतः केली आहे. दोन म्युऑनच्या वस्तुमानाचा आलेख हवा होता, तर शहाणपणा करून म्युऑन जोडण्याऐवजी थेट २३ क्रमांकाची, म्हणजे झेडची ओळ उचलली. आलेख ५४ आणि १२९ जीईव्हीच्या आसपास सुरीने कापल्यासारखा थांबला. अख्खी दुपार मी त्यात भौतिकी शोधत होतो! कारण साधं होतं. जोडीचं वस्तुमान झेडच्या वस्तुमानापासून ठरावीक पट रुंदीच्या आत असेल, तरच मॅडग्राफ (या फाइली बनवणारा प्रोग्राम) झेडची ओळ लिहितो. मूळ सेटिंग १५ पट, आणि झेडची रुंदी, म्हणजे त्याच्या वस्तुमानाच्या शिखराचा पसारा, साधारण २.५ जीईव्ही. बाकीच्या इव्हेंटमध्ये म्युऑन असतात, झेडची ओळ नसते. मधल्या कणावर विसंबू नका, बाहेर पडलेल्यांवरून हिशेब करा.

पिथिया या प्रोग्राममधून शॉवर केलेली (कणांमधून पुढे होणारी उत्सर्जनं जोडलेली) फाइल असेल तर याच्या उलट त्रास होतो. तिथे एकाच टॉप क्वार्कच्या किंवा झेडच्या अनेक प्रती नोंदीत येतात, कारण प्रत्येक उत्सर्जनानंतर धक्का बसून बदललेला संवेग नव्या ओळीत लिहिला जातो. टॉप मोजायचे असतील तर शेवटची प्रत धरा.

जनकांचे क्रमांक १ पासून सुरू होतात, फोरट्रान या जुन्या संगणकभाषेची परंपरा. पायथनमध्ये एक वजा करायला विसरलात तर प्रत्येक म्युऑनला शेजारच्या ओळीतला भलताच बाप मिळतो. शून्याचा अर्थ जनक नाही. त्यातून एक वजा केलं की −१ होतं आणि पायथन गपगुमान यादीतली शेवटची ओळ देतो.

इव्हेंट संपल्याची खूण येईपर्यंत वाचत राहणं हाही घातक प्रकार. कणांच्या ओळींनंतर हॅश चिन्हाच्या टिपा किंवा पुनर्वजनांचे (त्याच इव्हेंटला दिलेल्या पर्यायी वजनांचे) आकडे असू शकतात. इव्हेंटच्या पहिल्याच ओळीत पहिला आकडा कणांची संख्या सांगतो. तेवढ्याच ओळी कण म्हणून वाचा.

तक्ता कसा मांडायचा, यावर थोडं थांबू. एका इव्हेंटमध्ये दोन जेट (एकाच दिशेने निघालेल्या कणांचे झोत), दुसऱ्यात सात. रुंद तक्ता केला की रिकाम्या घरांत शून्य भरायचा मोह होतो, आणि मग चौथ्या जेटच्या आडव्या (झोताच्या अक्षाला काटकोनातल्या) संवेगाला शून्यावर उंच शिखर येतं. −९९९ भरलं तर सरासरी पाताळात जाते. मी लांब तक्ता करतो: एका ओळीत एक कण, सोबत इव्हेंट क्रमांक आणि कणाचा क्रमांक. रूट फाइल (या क्षेत्रातला आणखी एक फाइल-प्रकार) अपरूट या पायथन लायब्ररीने वाचत असाल तर ऑकवर्ड अ‍ॅरे (कमीजास्त लांबीच्या ओळींच्या याद्या) जसे येतात तसेच राहू द्या, सपाट करण्याची घाई नको. शिवाय एलएचईतला पहिला म्युऑन म्हणजे सर्वाधिक आडव्या संवेगाचा असं नसतं. क्रम स्वतः लावा.

वजनाचा (इव्हेंट किती धरायचा त्या आकड्याचा) रकाना टाकून देऊ नका. एनएलओ (जास्त अचूक पातळीवर गणित केलेल्या) नमुन्यांत काही इव्हेंटचं वजन ऋण असतं, त्यामुळे नुसती मोजणी चुकते. वजनांची बेरीज घ्या, आणि त्रुटीसाठी वजनांच्या वर्गांच्या बेरजेचं वर्गमूळ.

एककं बघा. झेडचं शिखर ९१ ऐवजी ९१,००० च्या जवळ आलं तर फाइल एमईव्हीत (जीईव्हीच्या हजाराव्या भागात) आहे. हेपएमसी या दुसऱ्या फाइल-प्रकारात एकक फाइलमध्येच लिहिलेलं असतं. दोन कोनांतला फरक काढताना तो वजा पाय ते पायमध्ये आणा, नाहीतर जवळजवळ असलेली दोन जेट सहा रेडियन लांब दिसतात. आत येणाऱ्या कणांचा आडवा संवेग शून्य असतो. त्यांची स्यूडोरॅपिडिटी (अक्षाशी असलेल्या कोनाचं एक माप) काढायला गेलात तर अनंत हाती येतं.

फाइल अर्धवट उतरली असेल तर शेवटचा इव्हेंट तुटका असतो. तो फेका, आणि मागितलेले इव्हेंट व तक्त्यातले वेगळे इव्हेंट क्रमांक यांची संख्या जुळते का ते पहा. १०,००० मागवले आणि ९,८४७ आले, तर आधी ती फाइल परत उतरवून घ्या.