पोरांना जीएए क्लबात घातलंय ना, मग त्या क्लबाचा इतिहास असा समजून घ्या

जीएए म्हणजे गेलिक अॅथलेटिक असोसिएशन, हर्लिंग (काठीने चेंडू मारायचा आयरिश खेळ) आणि गेलिक फुटबॉल चालवणारी संघटना. आयर्लंडमधल्या मराठी घरांत हे आता नेहमीचं झालंय, पोरगं शाळेतून येतं आणि म्हणतं आई मला शनिवारी हर्लिंगला जायचंय, मग आपण फी भरतो, हेल्मेट आणतो, हर्ली म्हणजे त्या खेळाची काठी आणतो आणि पावसात मैदानाच्या कडेला उभं राहतो. बरेच जण तिथेच थांबतात, स्विमिंगच्या क्लाससारखंच हेही एक समजून. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण इथला क्लब म्हणजे त्या गावाची ओळख असते. कोल्हापूरकरांना लगेच कळेल, पेठ, पेठेची तालीम आणि तालमीचा फुटबॉल संघ, पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, अगदी तसं. पगार कुठल्याच खेळाडूला नाही. क्रोक पार्कला, म्हणजे डब्लिनमधल्या जीएएच्या मुख्य मैदानावर, ऐंशी हजार लोकांसमोर खेळणारा माणूससुद्धा सोमवारी सकाळी आपल्या नोकरीवर जातो आणि संध्याकाळी आपल्याच गावच्या क्लबात सरावाला येतो. क्लब बहुतेक ठिकाणी आपण निवडायचा नसतो, राहत्या जागेवरून तो ठरतो, खेड्यांत तर पॅरिशवरून, म्हणजे चर्चच्या हद्दीवरून, आणि बदलणं सोपं नसतं, लोकांना आवडतही नाही.

तर सुरुवात क्लबाच्या नावापासून करा. आम्ही ल्यूकनला राहतो म्हणून ल्यूकन सार्सफील्ड्सचंच उदाहरण घेते. 1886 चा क्लब. जीएएची स्थापना 1 नोव्हेंबर 1884 ला टिपररीतल्या थर्ल्स गावच्या हेज हॉटेलात झाली, मायकल क्युसॅक आणि मॉरिस डेव्हिन यांच्या पुढाकाराने, म्हणजे त्यानंतर दोनच वर्षांत हा क्लब उभा राहिला. आता सार्सफील्ड कोण? पॅट्रिक सार्सफील्ड, सतराव्या शतकातला आयरिश सेनानी, अर्ल ऑफ ल्यूकन. 1690 मध्ये इंग्लंडच्या विल्यम राजाच्या फौजेने लिमरिकला वेढा घातला तेव्हा हा रातोरात घोडदळ घेऊन शत्रूच्या पाठीमागे गेला आणि बॅलिनीटीला त्यांचा तोफखाना उडवून दिला. गनिमी काव्याच्या गोष्टी ऐकत वाढलेल्या आपल्या पोरांना हे सांगून बघा, डोळे कसे चमकतात ते. पुढे 1691 चा लिमरिकचा तह झाला, तो आपले सैनिक घेऊन फ्रान्सला गेला आणि 1693 मध्ये लांडेनच्या लढाईत झालेल्या जखमांनी वारला. ब्रिटिश राज्य चालू असताना 1886 साली गावातल्या पोरांनी आपल्या संघाला हेच नाव द्यावं यात सगळं आलं.

एकदा ही किल्ली हातात आली की बाकीची नावंही उघडायला लागतात. एमेट्स म्हणजे 1803 ला फाशी गेलेला रॉबर्ट एमेट. वुल्फ टोन्स 1798 च्या ब्रिटिशांविरुद्धच्या उठावाच्या नेत्यावरून. किकहॅम्स, पार्नेल्स, थॉमस डेव्हिस, सगळी माणसंच, आयर्लंडच्या राष्ट्रीय चळवळीतली. सेंट असेल तर बहुतेक पॅरिशचा संत. शॅमरॉक्स, हार्प्स ही देशाची चिन्हं. फक्त एक सांभाळा, एकच नाव अनेक गावांत असतं. सार्सफील्ड्स गॉलवेत आहे, कॉर्कला आहे, किल्डेअरला आहे, त्यामुळे नुसतं सार्सफील्ड्स म्हणू नका, गाव जोडून म्हणा. 2025 च्या जानेवारीत ऑल आयर्लंड, म्हणजे देशभरातल्या क्लबांच्या हर्लिंग स्पर्धेच्या फायनलमध्ये डब्लिनच्या ना फिअनाने ज्यांना हरवलं ते कॉर्कचे सार्सफील्ड्स, आमचे नव्हे.

नाव झालं की गावाच्या नावाकडे वळा, कारण ही नावं इंग्रजी लिपीत लिहिलेली असली तरी मुळात आयरिश आहेत. बॅली म्हणजे साधारण आपलं गाव किंवा वाडी. किल म्हणजे बहुतेक ठिकाणी चर्च पण कुठे कुठे जंगलही, म्हणून अंदाज न करता लोगेनम (logainm.ie) या सरकारी स्थळनामकोशात बघा, फुकट आहे. आणि क्लबाचा लोगो मोठा करून बघा, पूल, बुरूज, नदी, जुनं चर्च, जे काही काढलंय ते गावात प्रत्यक्ष कुठे आहे ते रविवारी पोरांना घेऊन शोधा, या एका गोष्टीत अर्धा इतिहास हाती लागतो.

मग मैदान. आत्ताचं मैदान कधी घेतलं, त्याआधी कुठे खेळायचे, कुणाच्या शेतात, पैसे कसे जमवले, हे विचारा. मैदानाचा इतिहास किती जड असू शकतो हे बघायचं तर उत्तर आयर्लंडमधल्या, म्हणजे अजून ब्रिटनकडे असलेल्या भागातल्या, आर्मा काउंटीतलं क्रॉसमॅग्लेन रेंजर्स बघा. 1970 च्या दशकात ब्रिटिश लष्कराने तिथे मैदानाला लागूनच तळ केला, मैदानाचा काही भाग ताब्यात घेतला, वर्षानुवर्षं हेलिकॉप्टरं डोक्यावरून जायची. तशा परिस्थितीत त्या छोट्या गावाने 1997 ला गेलिक फुटबॉलचा ऑल आयर्लंड क्लब किताब जिंकला आणि 2012 पर्यंत एकूण सहा जिंकले. तिथल्या माणसासाठी ते गवत म्हणजे काय असेल विचार करा. म्हणून उत्तरेकडच्या लोकांशी बोलताना राजकारणाचे प्रश्न आपण आधी काढू नयेत, ते स्वतःहून बोलले तर शांत ऐकावं.

तारखा पाठ करायची गरज नाही, पण दोन-तीन साल मनात ठेवली तर कुणी काही सांगितलं की ते कुठे बसतं ते कळतं. 4 ऑगस्ट 1918, गेलिक संडे. सामन्यांना सरकारी परवाना लागेल असं ब्रिटिशांनी काढलं आणि लोकांनी एकाच दिवशी देशभर परवान्याशिवाय सामने खेळले, तुमचा क्लब त्या दिवशी खेळला होता का हे नक्की विचारा. 21 नोव्हेंबर 1920, क्रोक पार्कमध्ये सामना चालू असताना ब्रिटिश फौजांचा गोळीबार, 14 माणसं गेली, त्यात टिपररीचा खेळाडू मायकल होगन, तिथला होगन स्टँड त्याच्याच नावाचा. आणि 1971. तोपर्यंत जीएएच्या सभासदाला सॉकर, रग्बी, हॉकी आणि हो, क्रिकेटही खेळायला बंदी होती, बघायला गेलं तरी कारवाई. आपल्यासारख्या क्रिकेटवेड्यांना हे टोचतं, मलाही टोचलं, क्युसॅक स्वतः तरुणपणी क्रिकेट खेळलेले. पण परक्या राज्याखाली आपले खेळ मरत चाललेत या भीतीतून ते आलं होतं, हे समजून घेतल्याशिवाय क्लबातल्या आजोबांचं बोलणं कळत नाही.

आजोबा हाच सगळ्यात मोठा खजिना. मात्र क्लबाचा इतिहास सांगा असं थेट विचारलं तर दोन वाक्यांत संपवतात. त्याऐवजी हरलेल्या फायनलबद्दल विचारा. जर्सीचे रंग कुणी ठरवले, आधी कुठले होते, सायकलवरून मॅचला कोण कोण जायचं, मुलांना मैदानावर लिफ्ट कोण द्यायचं असं विचारा, मग चहा गार होईपर्यंत बोलतात. आणि नुसतं विचारत बसू नका, हातभार लावा. गोलपोस्टशेजारी पांढरा कोट घालून अंपायरला उभं राहा, गोल झाला की हिरवा झेंडा, पॉइंट झाला (चेंडू आडव्या दांडीवरून गेला) की पांढरा, गेलिक फुटबॉलमध्ये 2025 पासून दोन पॉइंटांना नारिंगी. एकदा झेंडा हातात घेतलात की तुमच्याशी बोलण्याची पद्धतच बदलते, हा माझा अनुभव.

मुलींच्या खेळाचं वेगळं विचारावं लागतं. कॅमोगीची, म्हणजे मुलींच्या हर्लिंगची, संघटना 1904 ची, महिला गेलिक फुटबॉलची 1974 ची, दोन्ही स्वतंत्र, त्यामुळे क्लबाच्या जुन्या स्मरणिकेत बायकांना बहुतेक एखादंच पान मिळतं. त्या पिढीतल्या बायका अजून आहेत, आत्ताच बसून लिहून घ्या.

ऐकलेलं तपासायचंही. क्रोक पार्कचं हिल 16, म्हणजे प्रेक्षकांनी उभं राहायचा चढ, हे 1916 च्या डब्लिनमधल्या ब्रिटिशांविरुद्धच्या उठावातल्या पडक्या इमारतींच्या मलब्यापासून बांधलं असं इतकी वर्षं सांगितलं गेलं, पण तो चढ 1916 च्या आधीच होता आणि गॅलिपोलीच्या लढाईवरून त्याला हिल 60 म्हणायचे. गावोगावी अशा गोष्टी असतात. 1901 आणि 1911 ची जनगणना नॅशनल आर्काइव्हजने फुकट ऑनलाइन ठेवलीये, जुन्या संघातल्या माणसाचं नाव टाकलं की घर, वय, धंदा, घरात आयरिश बोलायचे का सगळं दिसतं. दूखस (duchas.ie) या लोककथांच्या ऑनलाइन संग्रहात 1937 ते 39 या काळात शाळकरी मुलांनी आपापल्या घरच्या म्हाताऱ्यांकडून लिहून आणलेल्या गोष्टी आहेत, त्यांच्याच हस्ताक्षरात, तुमच्या गावची शाळा शोधा, जुन्या खेळांबद्दल काहीतरी सापडण्याची चांगली शक्यता आहे. गोष्ट खोटी निघाली तर म्हाताऱ्या माणसाला चारचौघांत खोडू नका, वहीत दोन्ही लिहा.

आणि आपलंही लिहा. पोराच्या टीमचा फोटो प्रिंट करून मागे सगळ्यांची पूर्ण नावं, साल, मैदान लिहून ठेवा, आपल्या मुलांची आडनावं नीट स्पेलिंगसकट, आणि एक प्रत क्लबाच्या सेक्रेटरीला द्या. पन्नास वर्षांनी स्मरणिका निघेल तेव्हा त्यात कुलकर्णी, पाटील, शेख, गायकवाड सापडायला हवेत.

सुट्टीच्या दिवशी क्रोक पार्कमधल्या जीएए म्युझियमला जा. तिथे जगभरच्या क्लबांच्या लोगोंची भिंत आहे. आपला कुठला ते तुम्ही सांगू नका, पोराला शोधू द्या.