फऱ्याच्या मांसाची निर्यात: या चुका टाळा

मटणाच्या दुकानात ‘फऱ्याचं द्या’, म्हणजे पुढच्या खांद्याचं, म्हटलं की खाटीक बरोबर तोच तुकडा काढतो. न्हावा-शेव्याहून म्हशीच्या मांसाचा कंटेनर मलेशियाला किंवा इजिप्तला जातो, तेव्हा मात्र करारात नुसतं ‘शोल्डर’ लिहून भागत नाही. कुणी त्यात फक्त ब्लेड (फऱ्याच्या हाडावरचं मोठं मांस) धरतो, तर कुणाला चक टेंडरही (त्याच हाडालगतचा निमुळता स्नायू) त्यातच हवं असतं.

माझ्या हातून हीच चूक झाली आहे. एलसीत (खरेदीदाराच्या बँकेने दिलेल्या पैशांच्या हमीपत्रात) ‘बोनलेस शोल्डर’ होतं, आम्ही इनव्हॉइसवर ‘ब्लेड’ लिहिलं. मालात काही खोट नव्हती, पण बँकेने कागद नाकारले. एलसीसाठी बँका पाळतात त्या यूसीपी 600 या नियमावलीच्या कलम 18 प्रमाणे इनव्हॉइसवरचं मालाचं वर्णन एलसीतल्या वर्णनाशी जुळावंच लागतं. खरेदीदाराचा होकार येईपर्यंत तिकडच्या बंदरात रीफरच्या (थंड कंटेनरच्या) विजेचा खर्च आणि डेमरेज (कंटेनर अडकून पडल्याचं शुल्क) चढत राहिलं. तेव्हापासून मी करारात नावापुढे यूएनईसीईचा (मांसाच्या तुकड्यांची मानकं ठरवणाऱ्या संयुक्त राष्ट्रांच्या आयोगाचा) कट क्रमांकही घालतो: ब्लेडला 2300, चक टेंडरला 2310. कटाचा फोटोही जोडतो. पुढे एलसी, इनव्हॉइस आणि कार्टनवरचं लेबल, सगळीकडे अक्षरन् अक्षर तेच.

आता फऱ्याच्या खऱ्या दुखण्याकडे येऊ. खांद्याच्या सांध्याच्या जरा पुढे, चरबीत दडलेली एक लांबट, करडी गाठ असते. ही लसिका ग्रंथी. घाईत सुरी फिरवली की ती चरबीसकट मांसातच राहते. लाळ्या-खुरकूत असलेल्या देशातून माल घेताना आयातदार देश हाडं आणि या ग्रंथी काढलेलंच मांस मागतात, आणि त्याला कारण आहे. कत्तलीनंतर स्नायू आंबट होत जातो, त्या आम्लात विषाणू टिकत नाही. हाडातला मगज आणि ग्रंथी मात्र तशा आंबट होत नाहीत, तिथे तो तग धरतो. म्हणून ट्रिमिंगच्या टेबलावर प्रत्येक फऱ्याच्या पुढच्या चरबीतून बोट फिरवायची सवय कामगारांना लावा. नुसतं वरवर बघून ही गाठ सापडत नाही.

मांस किती आंबट झालं ते सांगणारा पीएच मोजतानाही (आकडा जितका कमी, तितकं आम्ल जास्त) लोक इथेच फसतात. हाताशी आहे म्हणून प्रोब फऱ्यातच खुपसतात. जागतिक पशुआरोग्य संघटनेच्या नियमात जागा ठरलेली आहे: पाठीच्या लांब स्नायूचा मध्य, दोन्ही बाजूंना. हाडं काढण्याआधी धड 2 अंशांच्या वर किमान 24 तास ठेवायचं आणि पीएच 6.0 च्या खाली यायला हवा. तो वारंवार वरच राहत असेल, तर आधी जनावरं कशी आली ते पाहा. ट्रकमधून लांबून आलेलं, थकलेलं जनावर विश्रांती न देता कापलं की स्नायूत साखरच उरलेली नसते. मग आम्ल कशातून तयार होणार? मांस काळपट, चिकट दिसतं ते त्यामुळेच. ही चूक शीतगृहात सुधारता येत नाही.

भारतातून म्हशीचं हाडासकट मांस निर्यात करायला बंदी आहे, हे धंद्यातल्या सगळ्यांना माहीत असतं. तरी फऱ्याच्या हाडाच्या वरच्या कडेची कूर्चा ब्लेडला चिकटून राहते आणि तपासणीत वाद होतो. ती काढूनच माल पॅक करा.

हलाल प्रमाणपत्रावरची कत्तलीची तारीख, पशुवैद्यकीय दाखल्यावरची तारीख आणि कार्टनवरची तारीख एकत्र ठेवून जुळवा. याला दहा मिनिटं पुरतात.

शेवटी रीफर. तो माल गोठवत नाही, गोठलेला माल तसाच ठेवतो. फऱ्याचं कार्टन बाहेरून दगडासारखं लागलं तरी आतला गाभा मऊ असू शकतो. एक-दोन कार्टनना ड्रिलने भोक पाडून गाभ्यात थर्मामीटर घाला. उणे 18 दिसल्याशिवाय भरायला घेऊ नका. माल कंटेनरच्या आतल्या लाल रेषेच्या वर रचू नका, वरून हवा फिरायला जागा लागते. बुकिंगच्या कागदावर उणे चिन्ह सुटलं तर मशीन अधिक 18 वर लागू शकतं. म्हणून दार बंद झाल्यावर डिस्प्लेवरचा आकडा स्वतः जाऊन वाचा आणि सीलच्या नंबरासकट त्याचा फोटो काढून ठेवा.